घरभर जमीन

माझ्या भाच्यानं घर बांधायला घेतलंय आणि त्याला जमीन 'पर्यावरणपूरक' हवी आहे. कुठल्याशा दुकानातून तो बांबूचे, मातीचे, अगदी शेणाचेसुद्धा नमुने घेऊन आला आणि शेणाचा तुकडा माझ्या नाकाशी धरून म्हणाला, "मावशी, वास घे, किती छान!" मी त्याचा हात बाजूला सारला. शेणाच्या जमिनीचं कौतुक मी आजवर पुरुषांच्याच तोंडून ऐकलंय आणि दर वेळी मला किळस आली आहे. शेणाची थोडी, कौतुकाची फार.

स्वराज्य आलं आणि दोनेक वर्षांत बाबांनी पांढुर्ण्याला घर बांधलं. बाबा शाळामास्तर, अंगावर कायम खादी. भिंती उभ्या राहिल्या तसा जमिनीचा प्रश्न आला. शहाबादी फरशी रेल्वेनं येत होती, सिमेंट ओळखीनं मिळत होतं. बाबांनी दोन्हीला नाक मुरडलं. "फरशी उन्हाळ्यात भाजते, हिवाळ्यात गोठते. आपली माती काय वाईट आहे?" मग गावाच्या जुन्या पांढरीतली, म्हणजे पडक्या वस्तीच्या जागेतली माती बैलगाडीनं आली, पाणी मारून चोपून बसवली, वरून शेणाचा हात फिरला. आईनं एकच गोष्ट मागितली होती. निदान स्वयंपाकघरात तरी फरशी टाका.

"तिथं सदा ओल राह्यते. रोज सारवा लागते. माह्या हाताले सोसत नाई," ती म्हणाली.

बाबा हसले. "अवं, शेण म्हन्जे औषध आहे."

औषध! आईच्या हातांना मुळातच भेगा होत्या. पावसाळ्यात गाई कोवळं गवत खायच्या, शेण पातळ व्हायचं आणि त्यात किडे वळवळायचे. आई ते हातानं कालवायची, मी वरून पाणी ओतायची आणि तोंड फिरवायची. शेण भेगांत भरायचं आणि भेगा पिकायच्या. मग त्याच हातांनी कणकेत मीठ घालून मळायचं. मीठ लागलं की ती ओठ चावायची. स्वयंपाकघराची जमीन काही वाळायची नाही. चुलीजवळ पोपडे सुटलेले, मोरीजवळ चिखल आणि त्या चिखलातून जेवताना गांडूळ बाहेर यायचं. मला पोळीलासुद्धा शेणाचा वास यायचा.

जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन बाबांचे सौसरचे मास्तर मित्र आमच्याकडे उतरायचे. बैठकीत आल्या आल्या सदरे काढून उघड्या पाठीनं आडवे व्हायचे. "वा, काय गार जमीन आहे!" बाबा असे फुलायचे, जसं काही यांनीच सारवली. आयत्या बिळावर नागोबा. बाबांनी त्या जमिनीला आयुष्यात बोट लावलं नव्हतं.

मग राज्यांची नव्यानं आखणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो आणि शाळा तपासायला हिंदी बोलणारे साहेब येऊ लागले. असेच एक जबलपूरकडचे साहेब चहाला घरी आले. बाबांचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "साहब, हमारे घर में फरशी नहीं, जमीन है. पूरे घर में जमीन है."

साहेब सरसावून बसले. "अच्छा? कितनी जमीन है, मास्टरजी?"

"तीनों खोलियों में."

हिंदीत जमीन म्हणजे वावर, हे बाबांच्या ध्यानात येईपर्यंत चहा निवला. साहेबांनी मात्र खाली पाहिलं आणि खो खो हसले. "अरे, तो कच्चा फर्श कहिए ना!"

तो 'कच्चा' बाबांच्या जिव्हारी लागला. आईचे पिकलेले हात रोज समोर दिसत होते, त्यानं काही झालं नव्हतं. साहेबांच्या एका शब्दानं झालं. थोड्याच दिवसांत शहाबादी आली आणि बैठकीत बसली. फक्त बैठकीत.

"अन् स्वयंपाकघराले?" आईनं विचारलं.

"तिथं कोनता साहेब येऊन राहिला?" बाबा म्हणाले.

तेव्हा मला सरळसरळ बाबांचीच किळस आली. आपल्या बापाची किळस येते हे कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून ती आतल्या आत आंबत राहते.

साहेब पुन्हा यायचे होते. दुपारच्या गाडीनं. बाबा सकाळची शाळा करायला गेले आणि आईनं घमेलंभर शेण कालवलं. मला वाटलं, स्वयंपाकघरासाठी असेल. ती बैठकीत गेली आणि नवी कोरी फरशी कोपऱ्यापासून दारापर्यंत सारवत आली. चांगली दाट.

"आई, काय करून राहिली तू?"

"औषध लावून राहिली."

बाबा आले आणि उंबऱ्यातच थिजले. मग इतके ओरडले की शेजारीपाजारी डोकावले. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "शेणानं गार राह्यते, तुमीच म्हनता ना? साहेबालेही गार वाटन." आणि चुलीपाशी जाऊन बसली. "काढाचं असन तं तुमीच काढा. माह्ये हात पिकले."

बाबांनी घड्याळ पाहिलं, बाह्या वर केल्या आणि खाली बसले. शेण सांध्यांत गेलं होतं, तिथून ते बोटांनीच उकरावं लागत होतं. नखं भरली, सदऱ्यावर शिंतोडे उडाले. मध्येच ते उठून अंगणात गेले आणि ओकले. मला आनंद झाला, लपवत नाही.

साहेब आले, फरशीला छान म्हणाले, चहा पिऊन गेले. संध्याकाळी बाबा पानावर बसले. हात साबणानं धुतले होते, राखेनं घासले होते. भाताकडे नेलेला हात त्यांनी नाकाशी आणला आणि खाली ठेवला.

"वास जात नाई," ते म्हणाले. "चमचा दे."

आईनं चमचा दिला. बाबा जेवून उठल्यावर तिनं आपलं पान वाढून घेतलं आणि हातानं जेवली.