वेणी कोण घालतं

मिस्त्री परदेशी जोडीदारांना मदत करणाऱ्या आमच्या संघटनेच्या खोलीत आले ते बायकोच्या मागे मागे. हातात तिचा डबा, खांद्यावर तिची पर्स. दाराशी पुरुष माणसं बसलेली दिसली तशी त्यांनी पर्स गुपचूप खांद्यावरून उतरवून खुर्चीखाली सरकवली. ते मी बघितलं.

बाई शहर बसच्या ड्रायव्हर, इथल्याच नागरिक. मिस्त्री शेजारच्या देशातले, लग्न करून आलेले. तिकडे गवंडीकामात नाव होतं, हाताखाली माणसं होती. इथे बायकोच्या नात्याने राहायचा परवाना मिळेपर्यंत कामाला हात लावायची मनाई. धडधाकट गडी, आणि दिवसभर घरात.

"परवान्याच्या कचेरीत परत मुलाखतीला बोलावलंय, ताई," बाई म्हणाल्या. "आमचं लग्न खोटं आहे असा त्यांना संशय! आमच्या भांडणाचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो, जाऊन विचारा म्हणावं शेजाऱ्यांना."

जोडपी माझ्याकडे नेहमीचेच प्रश्न घेऊन येतात. लग्नाचा दाखला आहे, मग मुलाखत कशाला? नवऱ्याला कमाई नाही, तर हाकलतील का? भांडण होतं हे सांगायचं की लपवायचं? माझं सगळ्यांना एकच सांगणं. दाखल्यावरून लग्न झालेलं कळतं, संसार चाललाय का ते कळत नाही. म्हणून तुम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तोच प्रश्न दोघांना विचारतात. खरं बोला, आपोआप जुळेल. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. त्या कचेरीच्या दारात ताटकळून शिकले, आणि आज तिथला शिपाईसुद्धा मला बघून सरळ उभा राहतो.

"मग जुळलं नाही ते काय?" मी विचारलं.

मिस्त्री छताकडे बघायला लागले, जणू गिलावा कोणी केलाय ते तपासत होते.

"काहीच जुळलं नाही!" बाई म्हणाल्या. "स्वयंपाक कोण करतं? मी म्हटलं, हे. हे म्हणाले, ती. कपडे कोण धुतं? मी म्हटलं, हे. हे म्हणाले, ती. सकाळी बायको कामाला निघते तेव्हा तुम्ही काय करता? तर म्हणे, मी झोपलेला असतो. झोपलेले! ताई, स्टिअरिंग फिरवून फिरवून माझा हा खांदा धरलाय, हात डोक्यापर्यंत जात नाही. रोज पहाटे उठून माझी वेणी कोण घालतं, विचारा ह्यांना."

"कोण घालतं, मिस्त्री?"

"मीच," ते म्हणाले. इतक्या हळू की दाराशी ऐकू जाऊ नये.

माझं डोकं फिरलं. "मग तिथे काय दातखीळ बसली होती?"

"दुभाष्या ओळखीचा निघाला, ताई."

दुभाष्या त्यांच्याच गावाकडचा. संध्याकाळी बागेतल्या बाकावर पत्त्यांचा डाव पडतो, त्यातला भिडू. आणि त्या बाकावर मिस्त्रींनी फुशारकी मारून ठेवलेली, 'घरात मी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही.'

"साहेबाचा प्रश्न तोच मला आपल्या भाषेत सांगत होता. त्याच्या तोंडावर कसं म्हणू, मी बायकोच्या वेण्या घालतो म्हणून? संध्याकाळपर्यंत सगळ्या बाकाला कळलं असतं."

"बाकासाठी बायकोला सोडून परत जाणार आहात का?" मी ओरडले.

बाई मात्र ओरडल्या नाहीत. पर्स खुर्चीखालून ओढून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "वेणीचं काय घेऊन बसलात, ताई. ह्यांना माझी लाज वाटली."

मिस्त्रींची मान खाली गेली ती जाईपर्यंत वर आली नाही.

मी तोडगा काढला. ओळखीचा दुभाष्या नको, असं कळवता येतं. ते कुणाचे उपकार नाहीत, हक्क आहे. तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी घेतला. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी सोबत गेले. बघते तर जिन्यातून तोच दुभाष्या येतोय, पान चघळल्यासारखा हसत.

"अर्ज दिला नाहीत?" मी मिस्त्रींचा दंडच धरला.

"नाही दिला. दुसऱ्या कुणासमोर खरं बोललो, तर हिच्या लेखी तेही खोटंच, ताई."

त्या क्षणी मला माझ्या तोडग्याची लाज वाटली. पळवाट काढून दिली होती मी, आणि वर हक्क म्हणून मिरवली होती.

या वेळी दोघांना एकत्र बसवलं, मलाही कोपऱ्यात बसू दिलं. साहेबाने विचारलं, मागच्या वेळी सांगितलेलं बरोबर की चूक? मिस्त्रींच्या कपाळावर घाम. म्हणाले, "चूक. सगळं मीच करतो." मग वेणीचं सांगायला लागले. आधी खांदा गरम टॉवेलने शेकायचा. मानेशी वेणी घट्ट हवी, नाहीतर सीटला घासून सुटते. युनिफॉर्मवर रंगीत चालत नाही, म्हणून काळंच रबर. दुभाष्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. 'पेड'साठी त्याला साहेबाच्या भाषेतला शब्दच सापडेना, शेवटी त्याने बोटं एकमेकांत गुंफून दाखवली.

"मग आधी खोटं का बोललात?"

"लाज वाटली."

दुभाष्याने हे टेबलाकडे बघत सांगितलं. साहेबाने बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, डोळे पुसत नव्हत्या, वाहू देत होत्या.

परवाना मंजूर झाला. खोट्या उत्तराची नोंद मात्र राहील, असं साहेबाने बजावलं.

बाहेर फुटपाथवर बाक होतं. बाई बसल्या आणि मिस्त्रींकडे पाठ केली. "सुटलीये."

मिस्त्रींनी रस्ता इकडून तिकडून न्याहाळला. मग मागे उभे राहून केस हातात घेतले. तेवढ्यात दुभाष्या पायऱ्या उतरला.

"काय मिस्त्री, संध्याकाळी डावाला येणार ना?"

मिस्त्रींचे कान लालभडक झाले. वर बघायची काही त्यांना हिंमत झाली नाही, पण पेड हातातून सोडले नाहीत. दातांत काळं रबर धरून म्हणाले, "भांडी झाली की येतो."