गप्प म्हणजे हो

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात गुरुशांत डिझाइन काढतो. माणूस वळसंगचा, घरात कन्नड, दारात मराठी. शिफ्ट सुटली की त्याचं दुसरं, बिनपगारी काम सुरू होतं. 'मग्ग' नावाचा प्रोग्राम. स्क्रीनवर मोर काढा, फुलं काढा, तो मागाला कळेल अशी फाइल करून देतो. विकतचे प्रोग्राम लहान कारखानदाराला झेपत नाहीत, म्हणून गुरुशांतनं हा स्वतः लिहिला आणि फुकट वाटला. मग्ग म्हणजे कन्नडात माग. नाव त्याच्या आईच्या तोंडचं.

हळूहळू मग्गमध्ये सुधारणा करणारे वाढले, इचलकरंजीचे, मालेगावचे. माणसं वाढली की कुरबुरी आल्याच, म्हणून कायदाही गुरुशांतनंच केला. मग्गची वेबसाइट, तिचं नाव, नवी आवृत्ती सोडायची किल्ली, हे सगळं गावच्या पारासारखं. बसा सगळे, मालक कुणीच नाही. किल्ल्या दोन राखणदारांत वाटलेल्या. बदल करायचा तर ग्रुपवर प्रस्ताव मांडायचा आणि आठवडाभर थांबायचं. जो बोलणार नाही त्याचं 'हो' धरायचं. नको असेल त्यानं कारण द्यायचं.

गप्प म्हणजे हो, ही मेख त्यानं मारली मल्लेशमुळं. मल्लेश त्याचा जुना मैतर आणि दुसरा राखणदार, पण कुठल्याही मेसेजला उत्तर न देण्यात पटाईत. त्याच्या होकाराची वाट बघितली असती तर मग्ग अजून एकाच रंगात अडकला असता.

मग प्रियदर्शनी आली. विणकराच्या घरची, तेलुगू बोलणारी, पॉलिटेक्निकात शिकवणारी. पहिल्याच भेटीत म्हणाली, "सर, आमच्यात मागाला मग्गम म्हणतात. नाव अगदी घरचं वाटतंय." गुरुशांत हसला, पण आईचं लुगडं कुणी दोरीवरून ओढून न्यावं तसं त्याला झालं.

मग्गमध्ये एक जुनं दुखणं होतं. टॉवेलच्या कोपऱ्यावर उभा आणि आडवा काठ जुळायचा नाही. "मागच तसा असतो," असं गुरुशांत सगळ्यांना सांगत आला होता. तिनं ते बसल्या बैठकीला दुरुस्त केलं. तेव्हापासून जो तो म्हणायचा, "मॅडमना विचारा की." पूर्वी "गुरूला विचारा" होतं. दुरुस्ती लोकांपर्यंत सोडायची किल्ली मात्र गुरुशांतकडं होती. "तपासतोय," म्हणत त्यानं पावसाळा काढला, दिवाळी काढली. तपासत काहीच नव्हता.

शेवटी प्रस्ताव आला. गुरूला कारखान्यात काम लई झालंय, त्याच्या जागी प्रियदर्शनी राखणदार असावी. आणि लिहिला कुणी? मल्लेशनं.

गुरुशांत ठरवून गप्प बसला. त्याचा हिशेब लग्नातल्या मामाचा होता. मामा रुसला की चार माणसं येतात, टॉवेल-टोपी देतात, "चला पंगतीला" म्हणतात. 'नको' लिहायचं तर कारण द्यावं लागणार, आणि खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. तो रोज मोबाईल उघडून बघायचा. समजूत काढायला कुणी आलं नाही.

"आज बी न्हाय आलं का कुणी?" भाकरी वाढताना बायको भुवनेश्वरीनं विचारलं.

"कशाला?"

"रुसवा काढायला. टॉवेल तर तुमच्याच कारखान्यात निघतंय. एक आणायचा आन् आपणच खांद्यावर टाकून घ्यायचा."

आठवडा सरला. मल्लेश चहाच्या गाड्यावर भेटला. "बोलला न्हाईस, हो धरलं बे."

"मी रागानं गप्प होतो."

"आरं, तुज्या कायद्यात रागाचं गप्प आन् राजीखुशीचं गप्प येगळं लिवलंय व्हय? मी एवडी वर्षं गप्प बसलो, तू हो धरलास. आज तुजं धरलं, तर लागलं?"

गुरुशांतला चहा गोड लागला नाही.

त्यानं किल्ली दिली. वेबसाइटचं नावही तिच्या हवाली केलं. ती म्हणाली, "सर, मनात काही नाही ना?" तो म्हणाला, "न्हाय की."

दोनच दिवसांत तिचा प्रस्ताव आला. काठाची दुरुस्ती सोडायची, हरकत असेल तर सांगा. आता मात्र गुरुशांतनं खरोखर तपासलं. फाइल कारखान्यात नेली, मागावर टॉवेल उतरवला आणि कोपरा उजेडात धरला. एखादा धागा तरी चुकलेला असू दे, म्हणून त्यानं सिद्धरामेश्वराला मनातल्या मनात हात जोडले. उभा काठ आडव्याला असा मिळाला होता की जोड कुठं ते बोटालाही कळेना. त्यानं कोपरा उलटा करून बघितला. तिकडूनही तसाच.

मुदत सरत आली. बोललं नाही तरी आपलं 'हो' धरलं जाणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! पण तसं झालं असतं तर 'हो' आपण म्हटलं हे कुणाला कळलं असतं? मल्लेशच्या गप्पात आपलंही गप्प जमा झालं असतं.

त्यानं लिहिलं, "मान्य. मी स्वतः विणून बघितलंय. काठ जुळतोय. गुरुशांत."

आणि मोबाईल पुढ्यात ठेवून बसला. थोड्या वेळानं खाली उत्तर उमटलं. जन्मात उत्तर न देणाऱ्या मल्लेशचं.

"मॅडम, झकास."