नवव्या प्रकरणातला टायपिस्ट

निम्मी वाट सरली होती. छापखान्यापासून आमच्या घरापर्यंत पायी दोन तास लागतात, आणि त्या दिवशी रस्ता खणून ठेवल्यामुळे बस बंद होती. रिक्षा करू म्हटलं तर काकांनी नुसती मान हलवली. त्यांच्या कादंबरीची शेवटची प्रूफं, मी तपासलेल्या जुन्या गठ्ठ्यासकट, माझ्या पिशवीत होती. सोमवारी ती परत गेली की पुस्तक छापायला जाणार होतं. एवढा आनंदाचा दिवस, आणि हा माणूस तासभर एक अक्षर बोलला नव्हता. कालव्याच्या कठड्यापाशी ते थांबले, दम खायला टेकले, आणि त्यांची बोटं दगडावर आपोआप चालू झाली. टक, टक, टक.

या बोटांवरूनच आमच्या इमारतीतली मुलं त्यांना टकटककाका म्हणायची. इमारतींची तपासणी करून दाखले देणाऱ्या एका सरकारी कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं टायपिस्टची नोकरी केली. निवृत्त झाले आणि आमच्या खालच्या मजल्यावर मुलीकडे राहायला आले, ते कचेरीनं मोडीत काढलेला टाइपरायटर काखोटीला मारूनच. मुलगी म्हणाली, "बाबा, लोक ऑफिसमधून सुटतात. तुम्ही तर ऑफिसच उचलून आणलंत." त्याच यंत्रावर सहा वर्षं खपून त्यांनी ही कादंबरी लिहिली. गुन्ह्याची. मी घरी बसून प्रूफं तपासते, तेव्हा ती माझ्याकडेच येणार होती.

खरं सांगायचं तर मी असली पुस्तकं वाचत नाही. सकाळी देवापुढून उठायचं आणि रक्ताच्या थारोळ्यात हात घालायचा, हे मला जमत नाही. काकांना तसं स्पष्ट सांगितलं तर म्हणाले, "ताई, रक्त भिंग घेऊन शोधलंत तरी सापडणार नाही. सगळे नुसते बोलत बसलेत."

तसंच निघालं. बाजाराच्या इमारतीचा जिना कोसळतो, एक झाडूवाली मरते, आणि मग दोनशे पानं माणसं एकमेकांशी बोलतात. साहेब, कंत्राटदार, बाजाराचा मुकादम. पैशाचा शब्द कुठे येत नाही. कंत्राटदार पहिल्यांदा येतो तेव्हा दाराशी उभा असतो. दुसऱ्यांदा साहेब त्याला "बसा" म्हणतात. तिसऱ्यांदा तो न विचारता खुर्ची ओढतो आणि साहेब स्वतः उठून पंखा लावतात. एवढंच लिहिलंय. पण पैसे नेमके कधी पोचले, ते वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

हे कुठे शिकलात, असं मी त्यांना मागेच विचारलं होतं. "टायपिस्ट म्हणजे खोलीतलं कपाट," ते म्हणाले. "कपाटासमोर कुणी आवाज खाली करतं का? आणि एक सांगतो. देणारा माणूस देण्याघेण्याचं कधीच बोलत नाही. तो घरच्यांची चौकशी करतो. साहेबांच्या आईच्या मोतीबिंदूची काळजी कंत्राटदारांनी जेवढी केली, तेवढी डॉक्टरनंसुद्धा केली नसेल."

आम्ही दोघं खूप हसलो होतो तेव्हा.

नवव्या प्रकरणाशी मात्र मी अडखळले. जिना पडल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब खोटा अहवाल सांगतात: जिना तपासला, सुस्थितीत आहे. टायपिस्ट तो टाइप करतो आणि पान उलटतं. सगळी माणसं बोलून बोलून उघडी पडलेली, आणि हा एकटा अख्ख्या पुस्तकात तोंड उघडत नाही. मी समासात पेन्सिलीनं लिहून गेले, "हा का बोलत नाही?" प्रूफं तपासणारीनं असं विचारायचं नसतं. घरी खोडायचं राहून गेलं, आणि त्या दिवशी छापखान्यात मालकांनी गठ्ठा उघडला तो नेमका त्याच पानावर. काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

आता कठड्यावर बोटं थांबली.

"ताई, ते पेन्सिलीचं खोडू नका."

"अहो, चुकून लिहिलं मी. माझी पायरी नव्हती ती."

"तुमची नव्हती, माझी होती. तो जिना खरंच पडला होता. ती बाई खरंच गेली."

मग त्यांनी सांगितलं. तेही पाण्याकडे बघत, एखादा अहवाल वाचून दाखवावा तसं. कंत्राटदाराला वाचवायचं तर जिना पडायच्या आधीची तपासणी कागदावर हवी होती. तपासणी झालीच नव्हती. तेव्हा अहवाल आता टाइप करायचा, तारखेची जागा मोकळी सोडायची, साहेब शाईच्या पेनानं तीन आठवडे मागची तारीख घालणार. कचेरीत ही नेहमीचीच पद्धत. मोकळी तारीख म्हणजे काय ते शिपायालासुद्धा ठाऊक. पण काल माणूस मेलेलं असताना आज टाइप करणं, हे पहिल्यांदाच. चौकशीत तो कागद पुढे आला आणि दोष बाईवर गेला. तिनं जिन्यात पाण्याची पिंपं साठवली होती म्हणे.

"तिचा नवरा कचेरीत तीनदा आला. मी त्याला बसायला दिलं, पाणी दिलं. मला म्हणाला, इथे तुम्ही एकटेच माणसासारखे वागता." काकांनी कठड्यावरची धूळ झटकली. "चौथ्यांदा आला नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही नाही म्हणाला असता तर दुसऱ्या कुणी टाइप केलंच असतं ना?"

"हे पाचव्या प्रकरणात मुकादम बोलतो. तुम्हीच त्याच्यापुढे लिहिलंय, 'माणूस बरोबर पकडलात.'"

मी पिशवी कठड्यावर ठेवली.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. टाइपरायटर घरी आणल्यावर सगळ्यात आधी त्यांनी हेच टाइप केलं होतं, आणि बाजूला ठेवून बाकीचं पुस्तक लिहिलं होतं. पाचच ओळी होत्या.

"टायपिस्ट, मिसेसचे गुडघे काय म्हणतात?"

"जिना चढवत नाही, साहेब."

"आपल्या क्वार्टर्समधली तळमजल्यावरची खोली पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. अर्ज करून ठेवा. आणि हो, तारीख मोकळी सोडा."

"हो साहेब."

"गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा त्यांना."

मी दोनदा वाचलं. काकूंना मी पाहिलेलं नाही, त्या आधीच गेल्या. पण त्यांचा फोटो मुलीच्या बैठकीत आहे. तळमजल्यावरच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून, पाय सैल सोडून बसलेल्या, हसऱ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलगी तो कौतुकानं दाखवते. आईची शेवटची अकरा वर्षं सुखात गेली, बाबांनी कुणापुढे हात न पसरता ती खोली मिळवली, असं सांगते.

"काकूंना माहीत होतं?" मी विचारलं.

"अर्ज मंजूर झाला, एवढंच मी सांगितलं. साहेबांसाठी ती रोज देवाजवळ मागायची." काकांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात दिला. "हे नवव्या प्रकरणात घाला. छापखानेवाले आता पानं हलतात म्हणून कटकट करतील. करू देत. दोन ओळी मुकादमाच्या काढा, फार बडबडतो तो."

मी कागद प्रूफांच्या गठ्ठ्यात ठेवला. पिशवी उचलली. एखादा माणूस देवळात कबूल करतो, एखादा मरताना करतो. यांनी छापून करायचं ठरवलं होतं, जिथून मागे घेता येत नाही. आम्ही पुढे चालू लागलो. इमारत दिसायला लागली तेव्हा काका पुन्हा थांबले. गॅलरीत मुलगी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. आम्हाला बघून तिनं हात हलवला.

"ताई, एक काम कराल माझं?"

"सांगा ना."

"पहिली प्रत तिला तुम्ही नेऊन द्या. मी बाहेर जाईन कुठेतरी. नववं प्रकरण होईपर्यंत तिच्याजवळ बसा. ती तुम्हाला विचारेल, हे बाबांनी मनानं रचलंय ना? तेव्हा माझ्यासारखं गप्प बसू नका."