गाळाचा वास

माळ्यावरची पितळी परात घासायला काढली, तर तिच्या काठाच्या दुमडीत अजून पुराचा गाळ. पाणी लागताच तोच वास उठला.

महाडात पूर ओसरला त्या सकाळी घरात गुडघाभर चिखल होता. गटार, डिझेल, कुजलेले तांदूळ, सगळं त्यात. तीन तास उपसून उंबरा मोकळा केला, तर चढावरच्या शेजाऱ्याने आपला गाळ खुशाल आमच्या दारात लोटला. मी फावडं उगारून धावलो. रोज विहारात ध्यानाला बसणाऱ्या आईने माझा दंड धरला.

"थांब रे. आधी नाकाशी श्वास बघ, येतो कसा, जातो कसा. मंग मार, मी नाय अडवणार."

चिडूनच डोळे मिटले. श्वास कसला, नुसती घाण आत येत होती. किळस आली, तरी आई दंड सोडेना. किती वेळाने कोण जाणे, फावडं खाली आलं.

डोळे उघडले तर उतारावरच्या काकू दिसल्या. सकाळपासून मी त्यांच्या दारात लोटलेला गाळ त्या पाटीने उचलत होत्या.

शेजाऱ्यावरचा राग तिथेच गेला. माझ्या फावड्याची शिसारी मात्र अजून जात नाही.