एकाच पंखाची तीन पिसं

मी गुन्हेगार पकडायला निघाले होते. परभणीहून सकाळची एसटी धरली तेव्हा पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता: 'मोर वाचवा, शिकाऱ्याला रोखा'. मजकूर माझाच. सेनगाव तालुक्यात एक म्हातारा बाणांना मोराची पिसं लावतो, एवढं कानावर आलं होतं. पीस आलं म्हणजे मोर मेला, यात शंका घेण्यासारखं मला काही वाटलं नाही.

सेनगावहून गोरेगावची जीप घेतली आणि मधल्या फाट्यावर उतरले. सोयाबीन निघालं होतं. काळ्या रानात हरभऱ्याची पेरणी चालू होती. काट्याने चप्पल फोडली, तशीच लंगडत वस्तीवर पोचले.

तो म्हातारा, सखारामबाबा, ओट्यावर बांबूची काडी विस्तवावर धरून सरळ करत होते. शेजारी नात अश्विनी, अकरावीतली. दुसऱ्या दिवशी हिंगोलीला तिची तीरकमठ्याची (धनुष्यबाणाची) निवड होती. सहा बाण लागणार होते, पाच झाले होते.

"पिसं बघू?" मी विचारलं. त्यांनी दोन जुड्या दिल्या. मी दोन्ही सोडून बाजेवर पसरल्या आणि फोटो काढायला लागले.

"बाई, हे काहून केलं?"

"का? लपवायचं होतं?"

"एक जुडी डाव्या पंखाची व्हती, एक उजव्या. वरीसभर येचून लावली व्हती."

एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर बाण भरकटतो. हे मला कुठे माहीत होतं? मी त्यांच्या हातात पत्रक ठेवलं. अश्विनीने ते मोठ्याने वाचलं.

"आबा, तुमच्यावर लिव्हलंय."

"फोटू न्हाई टाकला?" बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पसरलं तुमी, आता आवरा बी तुमीच."

पिसाचा बाक कुठे वळतो ते पाहून मी डावं-उजवं लावत बसले. बाबा सांगत होते, रानात झडून पडलेलंच पीस घ्यायचं, हा त्यांच्या बापापासूनचा नेम.

"कशावरून झडलेलं?"

"देठ पाहा. झडल्याचा देठ कोरडा राहतो, नखावानी. उपटल्याला रगत राहतं."

मी देठ बघायला लागले. कोरडा, कोरडा, कोरडा. मग एक काळपट लाल, त्याला कातडीचा तुकडा. तशी तीन पिसं निघाली.

"मग हे?" सापडला चोर, असं वाटून मी ती पुढे केली.

बाबांनी पिसं डोळ्यांजवळ नेली. देठावरून अंगठा फिरवला आणि नातीकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"अश्विने, ही कुठली?"

"धुऱ्यावर (बांधावर) लांडोर मरून पडली व्हती, आबा," अश्विनी खाली बघत म्हणाली. "सहाव्या बाणाला एका बाजूची तीन चांगली पिसं उरली नव्हती. तुमाला दिसणार न्हाई वाटलं."

"कशानं मेली?"

"बी खाऊन. पप्पांनी किडीची विषारी पावडर चोळलेलं. पोतं फाटून सांडलं व्हतं."

आम्ही तिघं धुऱ्यावर गेलो. पावडरीने गुलाबी झालेले हरभरे मातीवर उघडे पडले होते. लांडोरीची मान वाकडी, चोच उघडी. पलीकडे दोन तितर, आणि आणखी पुढे एक मोर. अख्ख्या पत्रकात बियाण्याचा एक शब्द नव्हता. मी बंदूक शोधत आले होते.

बाबांनी पायाने माती ओढून बी बुजवायला सुरुवात केली. आम्हीही लागलो. मग खड्डा केला आणि चारही पाखरं पुरली. ती तीन पिसंही त्यांनी त्यातच टाकली.

"मंग मी पाच बाणांवर जाऊ?" अश्विनीने विचारलं.

 घरी आल्यावर बाबांनी भिंतीतल्या देवळीतला पूजेचा जुना बाण काढला आणि त्याची तिन्ही पिसं ब्लेडने अलगद सोडवली.

"आबा, तो देवाचा हाये."

"देवाला बिनपिसाचा चालंल. तुला न्हाई चालणार."

एक पीस दोरीच्या खाचेला आडवं, बाकीची दोन सारख्या अंतरावर. बाबांनी डिंक लावला, मी पिसं दाबून धरली, अश्विनीने दोरा गुंडाळला. माझ्याकडचं एक पीस सरकलं. "नीट धरा, ताई," ती म्हणाली. त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी ताई म्हटलं.

परतीच्या जीपमध्ये मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहीत राहिले: 'सांडलेलं बी मातीआड करा, पाखरं मरतात.' इतकी वर्षं मी दुसऱ्याच माणसावर ओरडत होते, हे हाताने लिहिताना जास्त लागलं. शेजारच्या शेतकऱ्याने एक पत्रक मागितलं, सावकाश वाचलं. मग खाली वाकून त्याने पायाशी ठेवलेल्या बियाण्याच्या पोत्याची शिवण चाचपली.