लोविना राबर मॅचला गेली

लोविना राबर माझ्या व्हॅनमध्ये नेहमी मागच्या सीटवर बसायची आणि बसल्या बसल्या माझ्या गाडी चालवण्यात चुका काढायची. आमिश हा जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ; त्या लोकांना स्वतः मोटार चालवायची मुभा नाही, दुसऱ्यानं चालवली तर बसायची आहे. होम्स काउंटी या आमच्या जिल्ह्यातल्या त्या दुसऱ्यांपैकी मी एक. शाळेची बस चालवायचं सोडल्यापासून मी या लोकांना दवाखान्यात, लग्नांना, मयतांना नेऊन पोचवते. त्यांच्या लेखी मी 'इंग्लिश', म्हणजे बाहेरची. पण गाडी चालवणाऱ्या बाईला कान असतात हे ते विसरतात, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला बरंच ठाऊक आहे.

लोविना चणीनं बारीक, पण मनगट सुतारासारखं. खुराड्याशी आलेल्या कोल्ह्याला तिनं एकदा स्वयंपाकघराच्या पायरीवरून दगड मारून आडवा केला होता. पाहिलेली माणसं अजून सांगतात. नूडल्स लाटाव्यात, गोधड्या शिवाव्यात, कुणाच्या बाळंतपणाला धावून जावं आणि तिथं जाऊन सगळ्यांना दटावावं, असा तिचा जन्म गेला. तिचा धाकटा ओरी. धुणं वाळत घालता घालता तिनं त्याला पडकी सफरचंदं फेकायला शिकवलं. आधी चारा साठवायच्या सायलोच्या भिंतीवर, मग भिंतीवरच्या एका विटेवर. पोरगं रडत नव्हतं आणि तिचे हात मोकळे राहत होते, एवढाच तिचा हेतू.

तोच हात पुढे पोराला घेऊन गेला. ओरीनं एकोणिसाव्या वर्षी चर्चमध्ये गुडघे टेकून बाप्तिस्मा घेतला, शपथ घेतली, आणि दोन वर्षांनी पगारी बेसबॉल खेळायला पळून गेला. बाप्तिस्म्याआधी गेला असता तर कुणी ब्र काढला नसता. शपथ मोडली म्हणून त्याला वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे त्याच्याशी बोलायचं नाही असं नाही. बोला, खुशाल जेवायला वाढा. पण एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्यानं वस्तू टेबलावर ठेवायची, बाजूला व्हायचं, मग तुम्ही उचलायची. ओरी अधूनमधून भेटायला घरी येई तेव्हा हेच चाले. मला हा प्रकार पहिल्यापासून दुष्टपणाचा वाटतो आणि मी तसं लोविनाला तोंडावर सांगितलं आहे.

"ते दुष्टपणानं नाही करत, मार्ज," ती म्हणाली होती. "त्याला सारखी आठवण राहावी की परत यायचंय, म्हणून करतात."

"मग आला का कायमचा?"

"समोर बघून चालव," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात मी पेपरात वाचलं, की ओरी ज्या टीमकडून खेळतो ती आमच्यापासून दीड तासावरच्या शहरात आहे आणि शुक्रवारी तो वरच्या दर्जाच्या टीमकडे, पार पश्चिम किनाऱ्यावर जाणार आहे. मी लोविनाला सांगितलं. ती दाताच्या डॉक्टरकडून येत होती, अर्धं तोंड बधिर झालेलं.

"गुरुवारी गाडी रिकामी ठेव," ती त्याच बधिर तोंडानं म्हणाली.

गुरुवारी गेले तर तिच्याबरोबर माहलोनही दारात उभा. माहलोन म्हणजे तिचा नवरा, घोड्यांचे साज शिवणारा, दिवसाला दहा शब्द खर्च करणारा माणूस. ओरी गेल्याला चार वर्षं झाली होती, तेवढ्यात त्यानं पोराचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. असल्या खेळांना जाणं त्यांना मना. कळलं तर दोघांनाही चर्चपुढे जाब द्यावा लागणार होता.

"बिशपनं विचारलं तर काय सांगशील?" माहलोननं पट्टा लावताना विचारलं.

"गेले होते म्हणून सांगेन. खोटं बोलायला कोण सांगतंय?" लोविना म्हणाली. मांडीवर काकवीच्या बिस्किटांचा डबा होता. "तू का आलास मग?"

"तू वाटेत रडशील म्हणून."

"मी नाही रडत. मी त्याला घेऊन येणार आहे. मागे जागा आहे ना, मार्ज?"

मागे जागा होती. तिनं खरंच पोराला बसवून आणायचं ठरवलं होतं. घरी त्याच्या खाटेवर तिनं धुतलेली चादरही घालून ठेवली होती.

मैदानावर आम्ही पहिल्या रांगांच्या मागे बसलो. टोपीतली बाई आणि दाढीवाला माणूस बघून लोक माना वळवत होते. बिअर घेतलेला एक मागून ओरडला, "काय आजोबा, घोडा कुठं पार्क केलात?"

"घरीच आहे," माहलोन मागे न बघता म्हणाला. "त्याला यायचं नव्हतं. म्हणाला, तिथं फार ओरडतात."

लोक हसले. लोविना हसली नाही. तिला ओरी दिसला होता. मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून बॉल फेकणारा तोच. नंबराचा शर्ट, आखूड कापलेले केस. त्यानं हात मागे नेला, आणि मी शपथेवर सांगते, तो हात हुबेहूब लोविनाचा होता. माहलोनलाही तो दिसला. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्या दिवशी ओरीचं काही जमत नव्हतं. बॉल बाहेर जात होते, समोरचे बॅटवाले न मारताच फुकटात पुढच्या ठाण्यावर जात होते. लोविनाचे ओठ हलत होते. मला वाटलं ती पोरासाठी देवाला साकडं घालते आहे. घालतच होती, पण काय, ते तिनं मला कानात सांगितलं.

"हरू दे म्हणते. त्याला कळू दे की हे त्याचं काम नाही."

पुढचा फटका थेट कुंपणाबाहेर गेला. लोक चिडले. मघाचाच बिअरवाला उठून बोंबलला, "घरी पाठवा त्याला! अरे, घरी पाठवा!" आणि सगळी रांग त्याच्या सुरात ओरडायला लागली.

"पाठवा," लोविना हळूच म्हणाली. "पाठवा ना." आणि दुसऱ्याच क्षणी ती ताडकन उठून मागे वळली. "तुझ्या आईनं तुला असं ओरडायला शिकवलं का रे?"

तो गडी चूपचाप खाली बसला.

नऊपैकी सातव्या इनिंगला रिवाजाप्रमाणे सगळे पाय मोकळे करायला उभे राहिले आणि गाऊ लागले. लोविनाला वाटलं, संपलं. डबा छातीशी धरून ती लोकांचे पाय तुडवत निघाली. "तो जाईल! मार्ज, तो निघून जाईल!" मी तिला जिन्यावर गाठलं आणि तोंडावर पाणी मारायला बायकांच्या स्वच्छतागृहात नेलं. तिथं आरशासमोर तिनं टोपी सरळ केली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "आज त्यानं काहीही पुढे केलं, तर मी त्याच्या हातून घेणार. कागदाचा कपटा असला तरी. चर्चपुढे मी टेकेन गुडघे. पण चार वर्षं तो ठेवतोय आणि मी उचलतेय, म्हणून तो कायमचा येत नाही. मला कळलंय ते."

"माहलोनला सांगितलंस?"

"त्याला कशाला? त्याला झोप लागायला नको?"

परत आलो तेव्हा ओरीचा हात सुधारला होता. शेवटचे तीन गडी त्यानं असे गुंडाळले की मघाचा बिअरवाला त्याच्या नावानं टाळ्या पिटत होता. लोविना एकटीच बसून होती. तिचं मागणं देवानं ऐकलं नव्हतं.

मैदानाच्या कडेला छातीइतकी भिंत आहे, तिथं लोक सह्या घ्यायला उभे राहतात. गर्दी ओसरल्यावर ओरीनं आम्हाला पाहिलं. तो धावत आला आणि चार हात लांब थबकला.

"केस कुणी कापले तुझे?" लोविनानं विचारलं.

"न्हाव्यानं."

"आणि याचे पैसे घेतले त्यानं?"

ओरी हसला, मग डोळे पुसू लागला. माहलोननं घसा साफ केला. "हात दुखतो का?"

"रात्री दुखतो, बाबा."

लोविनानं डबा दिला, त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. ती एका दमात बोलू लागली. "घरी चल. मार्जची गाडी आहे. गुडघे टेकून चुकलं म्हण, की झालं. नंतर कुणी चकार शब्द काढत नाही, तुला माहितीये. चल रे. मी तुझी खाट घातलीये."

"आई, मी येईन गं. पण चुकलं असं मला वाटतच नाही. सगळ्यांसमोर खोटं कसं बोलू? तूच चामडी लोळवशील."

पलीकडे त्याला विमानतळावर नेणाऱ्या टीमच्या बसनं हॉर्न दिला. ओरीनं खिशातून बॉल काढला, शेवटचा गडी ज्याच्यावर बाद झाला तो. "हा तुझ्यासाठी ठेवलाय. फेकायला तूच शिकवलंस."

लोविनानं भिंतीवरून हात पुढे केला. तळवा वर, बोटं उघडी. माहलोननं ते पाहिलं आणि तिला जागा करून द्यायला तो बाजूला सरकला.

ओरीनं बॉल भिंतीच्या कठड्यावर ठेवला. घसरू नये म्हणून नीट बसवला, आणि नजर खाली करून एक पाऊल मागे सरला, घरी सरायचा तसाच.

"असं नको," लोविना म्हणाली. "हातात दे."

"नको आई. माझ्यापायी तुला चर्चपुढे उभं राहायला नको."

"मी राहीन उभी! उचल तो. उचल, ओरी, माझ्या हातात दे!"

"राहू दे. मला नाही वाईट वाटत आता. सवय झालीये." तो हे तिची समजूत घालायला म्हणाला. भला पोरगा. हॉर्न पुन्हा वाजला. त्यानं डबा काखेत मारला आणि तो पळत गेला. तिनं दोनदा हाक मारली. बसच्या दारातून त्यानं डबा उंच करून दाखवला.

बस गेली तरी लोविनाचा हात भिंतीवर तसाच होता. बॉल तिच्या बोटांपासून वीतभर लांब पडला होता, पण ती त्याला शिवेना. "चल, लोविना," माहलोन म्हणाला, आणि मग, "चल गं," असं म्हणाला, जे मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती हलली नाही. मैदानाचा माळी गेट लावायला आला.

शेवटी मीच बॉल उचलला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. तो तिनं घेतला. माझ्या हातून घ्यायला तिला कुणाची मनाई नव्हती.