तीन गोट्या आणि धुऱ्यावरची चिंच

पोट फाडल्यावर माणसाला श्वास घ्यायला नव्यानं शिकवतात, हे मला साठी उलटून गेल्यावर कळलं. थंडीचे दिवस होते, आतड्याला छिद्र पडलं. देवणीच्या डॉक्टरनं पोटाला हात लावला न् "लातूरला न्या" म्हणाला. लातूरच्या डॉक्टरनं छातीखालून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडलं, आतून शिवलं, वरून शिवलं. शुद्धीवर आलो तर पोटावर पट्टा, नाकात नळी आणि उशाशी बायको. तिचं पहिलं वाक्य होतं, "हलू नका बरं का, टाके वले हायत."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला रिटायर मास्तर. अख्खा जन्म पोरांना 'हलू नका, बोलू नका' सांगण्यात गेला, आता ते स्वतः पाळायची पाळी आली. मी इतका गप पडलो की श्वाससुद्धा गळ्यापर्यंतच आत घ्यायचा आणि तिथूनच त्याला परत पाठवायचा. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची की पेशंट लई शहाणा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी छातीच्या व्यायामाची पोरगी आली. पांढरा कोट, पायात बूट. ती तेलंगणाच्या शिवेवरल्या देगलूरकडची, बोलायची आमच्यासारखीच, पण चिडली की तेलुगूत पुटपुटायची. मला म्हणाली, "काका, उठून बसा. उशी पोटाशी गच्च धरा, मोठा श्वास घ्या आन् खोका."

"खोकू? अगं बाई, शिवलेल्या पोत्याला कुणी लाथ मारतं का?"

"टाके न्हाई उसवत काका. छातीत खाली कफ साचायलाय. तो न्हाई काढला तर निमोनिया होईल." मग तिनं माझ्या हातात एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. तीन खणांत तीन गोट्या आणि एक नळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, म्हणजे गोट्या वर चढतात. मी ओढला. एक गोटी अर्ध्यात गेली, टाक्यांना ओढ बसली, आणि मी ते खेळणं बाजूच्या टेबलावर ठेवून दिलं. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि शेजारच्या खाटेकडं गेली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. कुणाचं ऑपरेशन झालं की अख्खं गाव जीप करून भेटायला येतं. येताना शहाळी आणतात. मला तोंडानं पाणी बंद होतं, म्हणून ती माझ्यासमोरच बसून पिऊन टाकायचे. पिऊन झालं की एकेकाची गोष्ट सुरू. "माझ्या मेव्हण्याच्या साडूचं असंच झालं होतं. चांगला बसला होता बिचारा. एकच खोकला आला, आन् फाटकन..." पुढचं हातानं दाखवायचे. सगळ्यांच्या मेव्हण्यांचे साडू खोकूनच गेले होते. निमोनियानं मात्र आमच्या भागात आजवर कुणी मेलं नव्हतं.

ते खेळणं प्रत्येकानं हातात घेतलं आणि प्रत्येकानं त्यात फुंकलं. गोट्या कशाला हलतात? "बिघडलंय," असा निकाल लागला. सोसायटीच्या एका माजी चेअरमननं तर डोळे लाल होईस्तोवर फुंकलं. तेवढ्यात ती पोरगी आली न् ओरडली, "आवं, फुंकायचं न्हाई, वढायचं! आन् दुसऱ्याचं तोंडात कशाला घालायलाव?" त्यानं इरेला पेटून ओढलं, तर त्यालाच असा ठसका लागला की नर्सनं त्याला स्टुलावर बसवून पाठ चोळली. पोरगी खेळणं धुवायला घेऊन गेली. पुण्याचा जावई व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "पप्पा, अनुलोम-विलोम करा." एका नाकपुडीत नळी होती. विलोम कुठून करू, ते त्यानं सांगितलं नाही.

मग ताप चढला. दोन शब्द बोललो की धाप लागायची. छातीचा फोटो काढला. दाराबाहेर डॉक्टर बायकोला सांगत होते, तेही अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "फुप्फुसं खालच्या बाजूनं बंद पडत चाललीत. उद्यापर्यंत श्वास सुधारला नाही तर मशीनवर घ्यावं लागेल." माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण त्या मशीनपेक्षा मला टाक्यांचीच भीती जास्त वाटत होती. पोरगी उशी घेऊन पुन्हा पुन्हा आली, आणि मी मान हलवून तिला परत पाठवलं. भेटायला आलेल्या एकानं मास्क बघितला न् जीपमध्ये बसायच्या आधी गावाला फोन केला, "मास्तरचं काय खरं न्हाई."

तो फोन ऐकून माझा चुलतभाऊ आला.

हा माणूस कोण ते सांगायला पाहिजे. त्याचं न् माझं रान शेजारी-शेजारी. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक चिंचेचं झाड आहे. तो म्हणतो ते त्याच्या आजानं लावलं, मी म्हणतो माझ्या. आजा आमचा एकच होता, पण ते भांडणात कुणी लक्षात घेत नाही. मी चिंचा झोडपायला माणसं लावली की हा काठी घेऊन हजर, ह्यानं लावली की मी. एरवी आमचा अबोला. बोलणं व्हायचं ते चिंचा उतरवायच्या दिवसांत, आणि तेही ओरडून.

तर हा गडी धुतलेलं धोतर नेसून आला. चपला दाराबाहेर काढल्या. स्टूल सोडून माझ्या पायथ्याशी बसला, चादरीवरून माझा पाय धरला, आणि म्हणाला, "मास्तर, झालं गेलं इसरून जा. ती चिंच तुझी. मी आता तिच्या सावलीला बी येणार न्हाई." आणि उपरण्यानं डोळे पुसले. ते बघून बायकोनं पदर तोंडाला लावला.

ज्या माणसानं खाली पडलेला चिंचोका कधी सोडला नाही, तो झाड सोडायलाय! म्हणजे गावात माझी तिरडी बांधून तयार आहे. मी मास्क खाली ओढला. "कोण मरायलंय... रे?" पुढं श्वासच उरला नाही.

"कुणी न्हाई, कुणी न्हाई. तू आराम कर बाबा."

बाबा! आयुष्यात पहिल्यांदा ह्याच्या तोंडून गोड शब्द ऐकला आणि माझी खात्रीच पटली. असा संताप आला, असा संताप आला की काय सांगू. मी बायकोला म्हणालो, "त्या पोरीला बोलव. उठव मला."

"आवं, टाके—"

"टाके गेले चुलीत!"

पोरगी पळत आली. दोघींनी मला बसवलं. मी उशी पोटाशी कवटाळली. तिनं माझ्या बरगड्यांच्या खाली दोन्ही हात ठेवले न् म्हणाली, "हितं श्वास भरा काका, माझे हात ढकला." मी भावाच्या तोंडाकडं बघत श्वास भरला आणि खोकलो. आई गं! पोटात कुणी निखारे ओतल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा भरला, पुन्हा खोकलो. कफाचा गोळा बाहेर पडला. पोट होतं तिथंच होतं. भाऊ केव्हाच दाराशी जाऊन उभा राहिला होता.

त्या दिवशी मी तिला एकदाही परत पाठवलं नाही. ती नसली की मीच उशी मागायचो. सकाळी डॉक्टरांनी छाती तपासली न् म्हणाले, "मशीन नको आता." बायको तिथंच रडायला लागली. मीही रडलो, पण जपून. घरी जाईपर्यंत दोन गोट्या वर जायला लागल्या. तिसरी काही केल्या जागची हलली नाही. "ती घरी जाऊन करा," पोरगी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

घरी व्यायाम म्हणून रोज थोडं थोडं चालू लागलो. चिंचा पिकून वाळल्या तेव्हा रानापर्यंत जायची ताकद आली होती. बांधावर पोचतो तर काय, झाडाखाली ताडपत्र्या अंथरलेल्या, वर माणसं चढलेली, चिंचा सडासडा पडायल्यात. मधोमध आमचे बंधुराज कमरेवर हात ठेवून उभे!

मी पट्ट्यावर हात दाबला, पार बेंबीपर्यंत श्वास भरला न् ओरडलो, "ए! चिंच मला दिली होतीस ना रे दवाखान्यात?"

झाडावरचे हात थांबले. माझा आवाज पलीकडच्या रानापर्यंत गेला असणार. तिसरी गोटी तिथं असती तर टोपण फोडून बाहेर पडली असती.

तो वळला. मग त्याच जुन्या आवाजात ओरडला, "ती मरणाऱ्याला दिली होती! तू कुठं मेलास?"

डिस्चार्जचा कागद हातात पडला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी काठी उचलली आणि ढेकळं तुडवत त्याच्याकडं निघालो.

"आन् पळत कामून यायलास?" तो तिकडून खेकसला. "सावकाश ये, टाके उसवतील!"